रेडिओ काढा, पण मोडीत काढू नका

रविवारी पहाटे हैदराबादहून बीदरच्या, अनंतगिरीच्या नाहीतर श्रीशैलमच्या वाटेला लागणाऱ्या भल्यामोठ्या मोटारसायकली तुम्ही पाहिल्या असतील. पुढे वटवाघळाने पंख पसरावेत तसं फेअरिंग, दोन्ही बाजूंना पेट्या, मागे टेकून बसायला गादी, आणि हँडलच्या पुढ्यात, चालवणाऱ्याच्या नजरेसमोर, रेडिओ. दहा-बारा वर्षांपूर्वी अशी गाडी पंजागुट्ट्याच्या सिग्नलला थांबली की तिच्यातलं गाणं शेजारच्या ऑटोवाल्यालाही ऐकू जायचं. आता गाणं हेल्मेटच्या आत वाजतं, वाट फोन दाखवतो, आणि कंपनीने बसवून दिलेला रेडिओ नुसता जागा अडवून बसलाय असं मालकाला वाटू लागतं. मग एके दिवशी तो निघतो आणि त्या जागी टचस्क्रीनचा नवा सेट येतो.

काढायला माझी हरकत नाही. मीही काढला आहे. माझं सांगणं एवढंच, की तो असा काढा आणि असा ठेवा, की उद्या तुम्हाला किंवा तुमच्यामागून गाडी घेणाऱ्याला तो जसाच्या तसा परत बसवता यावा.

हे मला ठेच लागून कळलं. पहिल्या खेपेला मी काम एका दुकानावर सोपवलं आणि चहा प्यायला गेलो. परत आलो तेव्हा नवा सेट झकास वाजत होता आणि जुना एका कॅरीबॅगेत घालून माझ्या हातात दिला गेला. तो बॅगेसकट माळ्यावर गेला. चार वर्षांनी गाडी विकायला काढली. नांदेडहून आलेल्या गृहस्थांनी गाडी फिरवून पाहिली, पसंत केली आणि विचारलं, “मूळ सेट आहे ना?” मी ऐटीत बॅग काढली. त्यांनी रेडिओ उलटा केला. पाठीमागचा कपलर कापलेला, चार बोटं वायरी लोंबताहेत, दोन्ही बाजूंच्या पट्ट्या नाहीत, स्क्रू नाहीत, अँटेनाची पिन नाही. ते काही बोलले नाहीत, फक्त त्यांचा आकडा खाली आला. रेडिओ माझ्याकडे होता, पण तो कुठल्याच गाडीत बसणारा नव्हता.

आधी खात्री करा, सेट खरंच गेलाय का

“विविधभारती लागत नाही, सेट गेला,” अशी तक्रार घेऊन पुष्कळ जण रेडिओ काढायला निघतात. हैदराबादच्या बाबतीत याचं एक साधं कारण असू शकतं. अमेरिकेत एफएम केंद्रांच्या आकड्याचा शेवटचा अंक नेहमी विषम असतो, म्हणून तिकडच्या मांडणीवर ठेवलेला सेट दोन-दोन घरं उड्या मारत जातो. त्याला ९१.१, ९३.५, ९८.३ सापडतात, आकाशवाणीचं १०१.९ वरचं रेनबोही सापडतं. पण विविधभारती आहे १०२.८ वर. सेट १०२.७ वरून थेट १०२.९ वर जातो आणि मधलं घर ओलांडतो. मीडियम वेव्हचंही तेच. आपल्याकडे केंद्रं ९ किलोहर्ट्झच्या अंतराने असतात, अमेरिकेत १० च्या. आकाशवाणी हैदराबादचं ७३८ अशा सेटवर ७४० ला खरखरत लागतं. जपानच्या बाजारासाठी बनलेल्या जुन्या सेटची तर पट्टीच ७६ पासून ९० पर्यंत. त्यावर आपलं एकही खासगी केंद्र येणार नाही.

म्हणजे सेट बिघडलेला नाही, तो दुसऱ्या देशाच्या हिशेबाने चालतोय. अनेक सेटमध्ये देश किंवा प्रदेश बदलायची सोय असते. मालकाच्या पुस्तिकेत ती शोधा. अँटेनाची पिन घट्ट बसली आहे का, फ्यूज शाबूत आहे का, हेही बघा. एवढं करून सेट बोलू लागला तर तो काढायचं कारणच उरत नाही.

ठेवायचा कशासाठी?

हार्ले-डेव्हिडसनने २०१० मध्ये भारतात ज्या पहिल्या काही शोरूम उघडल्या, त्यांतली एक हैदराबादची. त्या सुरुवातीच्या वर्षांत आलेल्या इलेक्ट्रा ग्लाइड किंवा स्ट्रीट ग्लाइडमध्ये बटणांचा, लहान पडद्याचा, सीडी वाजवणारा रेडिओ होता. २०१४ च्या मॉडेलपासून कंपनीने ही सगळी मांडणीच बदलली. २०२० च्या सप्टेंबरमध्ये तिने भारतातला स्वतःचा कारभार आवरायला घेतला आणि पुढच्याच महिन्यात हिरो मोटोकॉर्पशी हातमिळवणी केली. होंडाच्या गोल्ड विंगचाही असाच प्रवास. १९८० च्या दशकात तिच्यावर कॅसेट वाजत होती आणि २०१८ च्या मॉडेलवर फोनचा पडदाच गाडीच्या पडद्यावर आला. जुन्या खोबणीत बसणारा जुना सेट आता कारखान्यात कुणी बनवत नाही. जे आहेत तेवढेच आहेत.

हैदराबादकरांना तर हे सांगायला नको. या शहरात डेक्कन रेडिओ ३ फेब्रुवारी १९३५ ला सुरू झाला. उर्दूबरोबर तेलुगू, मराठी, कन्नडलाही त्यावर जागा होती. १७ सप्टेंबर १९४८ च्या संध्याकाळी निजामाने शस्त्रं खाली ठेवल्याचं याच रेडिओवरून सांगितलं. मराठवाड्यातली घरं तो दिवस आजही मुक्तिदिन म्हणून पाळतात. १ एप्रिल १९५० ला हे केंद्र आकाशवाणीकडे गेलं. त्या काळचे व्हॉल्व्हचे रेडिओ काचीगुडा, सुलतान बाजार, इसामिया बाजारातल्या जुन्या मराठी घरांमध्ये अजून एखादा दिसतो. कुठे तो वाजतो, कुठे त्यावर फुलदाणी ठेवलेली असते.

जुमेरात बाजारात किंवा एर्रगड्ड्याच्या रविवारच्या बाजारात असे सेट ढिगाने पाहिले की एक गोष्ट ध्यानात येते. आतली यंत्रणा बहुधा दुरुस्त होण्याजोगी असते. नसते ती घुंडी, पाठीमागचा पुठ्ठा, काचेची पट्टी, जाळी. छत्ता बाजारात व्हॉल्व्हचे रेडिओ जिवंत करणारे हात अनेक दशकं टिकले, पण हरवलेली घुंडी कुठलाही उस्ताद दुरुस्त करू शकत नाही. मोटारसायकलच्या रेडिओचंही तेच होणार आहे.

काढताना

पहिलं काम पाना हातात घेण्याआधीचं. सेट चालू असतानाच आतली सीडी किंवा कॅसेट बाहेर काढा, कारण वीज तुटली की ती आत अडकते. सेटला कोड असेल तर तो आधी लिहून घ्या. काही सेट बॅटरीची वायर सुटली की परत चालू होताना कोड मागतात. हार्लेच्या काही वर्षांच्या सेटमध्ये रेडिओ गाडीच्या व्हीआयएनशी, म्हणजे चेसिस क्रमांकाशी, बांधलेला असतो. तो दुसऱ्या गाडीत लावला तर थोडा वेळ चालून कुलूप लावून घेतो. म्हणून रेडिओ कुठल्या गाडीचा, हे लिहून ठेवणं ही हौस नाही, गरज आहे.

गाडी सावलीत घ्या. हैदराबादच्या एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो तेव्हा उन्हात उभ्या गाडीचं प्लास्टिक मऊ पडतं, आणि वर्षानुवर्षं तेच ऊन खाल्लेल्या जुन्या प्लास्टिकच्या चिमट्या ठिसूळ होऊन कडकन तुटतात. सकाळी सातला, गार असताना काम सुरू करावं. पुढच्या मडगार्डवर जुनी चादर चौघडी करून टाका. फेअरिंग सुटून खाली आलं तर हेडलाइटचं वजन थेट रंगावर येतं.

मग बॅटरी. निगेटिव्ह आधी सोडा, पॉझिटिव्ह नंतर. जोडताना उलट, पॉझिटिव्ह आधी आणि निगेटिव्ह शेवटी. गाडीची सगळी चौकट निगेटिव्हला जोडलेली असते. पॉझिटिव्ह सोडताना पाना चौकटीला टेकला तर ठिणगी उडते. निगेटिव्ह आधीच सुटलेलं असलं की पाना कुठेही टेकला तरी फरक पडत नाही. गाडीला सायरन असेल तर किल्लीचा रिमोट जवळ ठेवून, सायरन बंद करूनच वीज तोडा. नाहीतर सकाळी सातला सगळी गल्ली जागी होईल.

वटवाघळी फेअरिंगच्या गाड्यांत काच धरणारे आणि बाहेरचं कवच धरणारे स्क्रू काढले की पुढचा भाग तुमच्याकडे झुकतो. हे स्क्रू बहुधा टॉर्क्सचे, म्हणजे आपले मिस्त्री ज्याला स्टार म्हणतात त्या तोंडाचे असतात. नेमक्या मापाचा बिट वापरा. एक माप लहान बिट घातला की स्क्रूचं तोंड झिजतं आणि पुढचे दोन तास ड्रिलशी झटापट होते. कवच एकट्याने ओढू नका. एकाने ते धरावं, दुसऱ्याने आत हात घालून हेडलाइटचा कपलर सोडवावा.

आता रेडिओ दिसतो. दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांवर तो स्क्रूंनी कसलेला असतो. मागे एक मोठा कपलर आणि अँटेनाची वेगळी पिन. कपलरला खिट्टी किंवा दांडी असते, ती दाबून किंवा फिरवूनच तो सोडवावा. वायर धरून ओढू नका. ओढलेली वायर वरून धड दिसते आणि आत पिनेपाशी सुटलेली असते. आणि कुणी “कापून जोडतो, लवकर होईल” म्हणालं तर हात जोडून नाही म्हणा. नवा सेट जुन्या कपलरवर बसवणारी जोडवायर मिळते. ती आणायला दोन दिवस थांबावं लागलं तरी थांबा.

माझ्या दुसऱ्या गाडीचं काम ज्या मिस्त्रीने केलं, तो गाडी उघडण्याआधी माझ्याकडून सहा कप्प्यांचा प्लास्टिकचा डबा मागून घेतो. प्रत्येक स्क्रू निघाला की कप्प्यात, आणि कप्प्यावर कागदाची चिठ्ठी. त्याचं दख्खनीतलं एक वाक्य मी विसरलेलो नाही: “साब, खोलना आसान है, पेचां संभालके रखना मुश्किल.” तुमच्याकडे फोन आहे, तेव्हा प्रत्येक पायरीला एक फोटो काढा. वायर कुठून कशी गेली, कुठला स्क्रू लांब, कुठला आखूड, हे सहा महिन्यांनी आठवत नाही.

गाडीत जी वायरिंग उरते, तिची काळजी वेगळी. उघड्या कपलरवर थेट काळी टेप गुंडाळू नका. हैदराबादच्या उन्हात तिचा डिंक पाझरतो आणि पिना चिकट होतात. आधी छोटी प्लास्टिकची पिशवी, मग तिच्या तोंडाला कापडी टेप. कपलरचं तोंड खाली राहील असं बांधा, म्हणजे पावसाचं पाणी साचणार नाही. रेडिओच्या जागी काहीच बसवणार नसाल तर त्या खिडकीला पत्र्याचं किंवा प्लास्टिकचं झाकण हवंच. नव्या गाड्यांत रेडिओ हा गाडीच्या संदेशांच्या साखळीतला एक दुवा असतो. तो काढल्यावर मीटरवर इशाऱ्याचा दिवा लागला तर घाबरू नका, पण जाणकाराला एकदा दाखवा.

ठेवताना

काढायला एक सकाळ लागते. ठेवायचं असतं ते कित्येक वर्षांसाठी, आणि बहुतेक सेट काढताना नाही, ठेवल्यावर मरतात.

काढलेला सेट लगेच पिशवीत कोंबू नका. पावसात गाडी फिरली असेल तर त्याच्या आत दमट हवा असते आणि पिशवी ती आतच कोंडते. एक-दोन दिवस पंख्याखाली उघडा ठेवा. धूळ मऊ ब्रशने झाडा. पिनांवर हिरवट थर दिसला तर आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीवर घेऊन पुसा, पाण्याचा हात लावू नका. रिमोट असेल तर त्यातले सेल काढून टाका. विसरलेला सेल फुटतो आणि आपल्याबरोबर पट्ट्याही खातो.

मग गुंडाळणं. स्वच्छ सुती कापड घ्या, जुनं धोतर उत्तम. स्पंजात गुंडाळू नका. काही वर्षांत तो स्पंज भुकटी होतो आणि डांबरासारखा सेटला चिकटतो. रबरबँडही नको, तेही वितळून डाग पाडतात. आणि आपल्या घरातली हमखास होणारी चूक म्हणजे डांबराच्या गोळ्या. साड्यांच्या कपाटात त्या ठीक असतील, पण त्यांच्या वाफेने काही प्लास्टिकं मऊ पडतात, बटणांवरची अक्षरं उडतात. त्याऐवजी सिलिका जेलच्या पुड्या टाका. रंग बदलणारं जेल मिळतं. रंग बदलला की ते ओलावा पिऊन भरलं, असं समजा. मंद तापवून सुकवलं की ते पुन्हा वापरता येतं. जूनमध्ये पाऊस सुरू व्हायच्या आत एकदा आणि पाऊस सरल्यावर एकदा एवढं बघितलं तरी पुरे.

सगळं झाकणाच्या डब्यात घाला आणि डबा योग्य जागी ठेवा. माळा ही ती जागा नव्हे. गच्चीखालचा माळा मे महिन्यात भट्टी होतो. पलंगाखाली फरशीचा ओलावा, स्वयंपाकघराजवळ तेलाची वाफ, गाडीच्या शेडमध्ये उंदीर. लोखंडी कपाटाचा मधला खण, जिथे तुम्ही कागदपत्रं ठेवता, तिथे ठेवा.

त्याच डब्यात सगळं बिऱ्हाड असू द्या. बाजूच्या पट्ट्या, सगळे स्क्रू आणि वॉशर, अँटेनाची पिन, पुस्तिका, आणि एक जाड कागद. कागदावर पेनने, शाई उडणार नाही अशा, लिहा: गाडीचं नाव आणि वर्ष, चेसिस क्रमांक, सेटचा अनुक्रमांक, कोड, काढल्याची तारीख, काढताना सेट चालू होता की बंद, आणि कुठला स्क्रू कुठला. अनुक्रमांकाचा आणखी एक उपयोग आहे. उद्या सेट वेगळा विकायचा झाला तर तो चोरीचा नाही हे दाखवायला गाडीच्या कागदपत्रांशी जुळणारा पुरावा हाताशी असतो.

वर्षातून एकदा

बंद ठेवलेल्या रेडिओला आजार होतो तो आतल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचा. त्याच्या आत अ‍ॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो आणि वीज त्या थराच्या भरवशावर अडते. वर्षानुवर्षं वीज मिळाली नाही की हा थर अशक्त होतो आणि एके दिवशी एकदम पूर्ण व्होल्टेज दिलं की कपॅसिटर शॉर्ट होऊ शकतो. वर्षातून एकदा थोडी वीज मिळाली तर थर पुन्हा धरतो.

दिवस कुठला? आपल्याकडे तो ठरलेलाच आहे. दसऱ्याला आपण गाडी धुतो, तिला झेंडूची माळ घालतो, पान्या-हत्यारांना हळदकुंकू वाहतो. त्याच दिवशी डबा उघडा. १२ व्होल्टचा पुरवठा, मध्ये कमी अँपिअरचा फ्यूज, आणि एक साधा स्पीकर एवढं पुरतं. सेटची कायम विजेची वायर आणि चावीची वायर, दोन्हींना पॉझिटिव्ह द्यावं लागतं. कुठली कुठली, ते सर्व्हिस मॅन्युअलमधल्या नकाशावरून बघा, रंगावरून अंदाज बांधू नका. स्पीकरची कुठलीही वायर अर्थला टेकवू नका, पुष्कळ सेटमध्ये तेवढ्याने अ‍ॅम्प्लिफायर जातो. हे जमत नसेल तर कोटीच्या गुजराती गल्लीत ज्याच्याकडे सुटे भाग मिळतात, तोच पंधरा मिनिटांत जोडून देणारा माणूस सांगेल. दहा-पंधरा मिनिटं सेट वाजू द्या, प्रत्येक घुंडी या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा, जेलचा रंग बघा आणि कागदावर त्या वर्षाची तारीख टाका.

आणि ठेवायचाच नसेल तर

सगळ्यांच्या घरी जागा नसते, हौस नसते. मग देऊन टाका, पण भंगारवाल्याच्या तराजूत घालू नका. तिथे त्याचं वजन होतं ते फक्त तांब्या-अ‍ॅल्युमिनियमचं. तुमच्याच मॉडेलची गाडी चालवणारा, ज्याचा सेट खरंच गेलाय, असा कुणीतरी शहरात नक्की असतो. रविवारी पहाटे तो तुम्हाला चहाच्या टपरीवर भेटेल. व्हीआयएनच्या कुलपाची गोष्ट त्याला आधी सांगा. तोही नाही भेटला तर इलेक्ट्रॉनिक्स शिकवणाऱ्या एखाद्या आयटीआयला विचारा, मुलांना उघडून शिकायला सेट मिळेल. अगदी मेलेला असेल तर नोंदणी असलेल्या ई-कचरा केंद्राकडे द्या. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेले ई-कचऱ्याचे नवे नियम त्यासाठीच आहेत.

या दसऱ्याच्या आधी एक सकाळ काढा. ज्यांचा रेडिओ अजून गाडीत आहे त्यांनी सहा कप्प्यांचा डबा आणि जाड कागद आणून ठेवा. ज्यांनी आधीच काढलाय त्यांनी माळ्यावरची ती कॅरीबॅग खाली उतरवा, पट्ट्या आणि स्क्रू आहेत का बघा, आणि नसतील तर ज्याने काढला त्या मिस्त्रीला आजच विचारा. चार-दोन महिन्यांत ते त्याच्या गॅरेजच्या कोपऱ्यात सापडतील. चार वर्षांनी सापडणार नाहीत.